चाकांची सोयरीक

आमच्या घराच्या पडवीत सदैव दोन वाहने असावीत, एक माणसांच्या प्रतिष्ठेसाठी आणि दुसरे जनावरांच्या वैरणीसाठी, असा शिरस्ता आजोबांनी घालून दिला होता. त्यांच्या अमदानीत ती छकडा आणि बैलगाडी होती. वडिलांच्या अमदानीत छकड्याची जागा प्रथम सायकलीने आणि पुढे मद्रासेत बांधलेल्या एका बुलेट मोटारसायकलीने घेतली. आणि माझ्या हाती कारभार आला तेव्हा बुलेट तेवढी शिल्लक राहिली होती, बैल विकले गेले होते, गाडीची चाके कोण्या उपाहारगृहाच्या दर्शनी भिंतीवर शोभेसाठी जाऊन बसली होती, आणि दोन म्हशी मात्र पूर्वीच्याच नियमाने सकाळ-संध्याकाळ वैरणीचा तगादा लावीत होत्या.

आमचे रान मिरजेपासून दोन-अडीच कोसांवर, कृष्णेच्या खोऱ्यातील काळ्या मातीचे आहे. गोठा घरालगत, कडवळाचा तुकडा पार पाटाच्या कडेला, आणि मधली वाट आमच्याच बांधाबांधाने जाणारी. या वाटेने बुलेटच्या मागच्या बैठकीवर भारा आवळून आणण्याचा प्रयोग मी एक हंगामभर केला. परंतु कडवळाच्या भाऱ्याचा स्वभाव असा की तो निघताना मागे असतो आणि पोहोचताना एका बाजूला असतो, आणि त्याच्याबरोबर चालकही त्याच बाजूला असतो. तेव्हा बुलेटच्या मागे ओढावयाची एक लहानशी दोनचाकी ट्रॉली करून घ्यावी, अशी तजवीज मी मनाशी ठरविली. आणि ठरविताना तिला बुलेटचीच, त्याच मापाची, त्याच तारांच्या आऱ्यांची चाके बसवावयाची, असा एक हट्टही त्याच बैठकीत मंजूर करून टाकला.

या हट्टाचे जे कारण मी लोकांना सांगत असे ते अत्यंत व्यवहार्य होते. बुलेटच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना ३.२५-१९ हेच टायर लागते. ट्रॉलीलाही तेच लावले म्हणजे चारी चाकांना मिळून एक ट्यूब, एक टायर आणि एकच पंक्चरचे साहित्य जवळ बाळगले की काम भागले. हे कारण खरे होते, पण ते खरे कारण नव्हते. खरे कारण असे की वडिलांच्या त्या जुन्या, काळ्याभोर, सोनेरी रेघांच्या वाहनामागे भलत्याच कुळातील ठेंगणी चाके लडबडत चाललेली पाहणे मला सहन झाले नसते. माणूस सौंदर्यदृष्टीला काटकसरीचा पोशाख चढवून चारचौघांत आणतो, त्यातलाच हा प्रकार. आणि वयाची साठी उलटलेल्या शिक्षकाला तर तो पोशाख अधिकच आवश्यक वाटतो.

आमच्या मिस्त्रींनी माझा बेत शांतपणे ऐकून घेतला आणि स्कूटरची चाके सुचविली. त्यांचे म्हणणे यंत्रशास्त्राला धरून होते, हे मी आज कबूल करतो. बजाजच्या ज्या चेतकने १९७२ पासून निम्म्या मध्यमवर्गाचे संसार वाहिले, तिचे चाक दहा इंची, पत्र्याच्या दाबीव रिमचे आणि एकाच बाजूने धरलेले असते. त्यामुळे चौकटीला दोन्ही बाजूंनी आखूड आस काढून त्यांवर ती चाके सरळ अडकविता येतात. शिवाय पुढचे चाक मागे आणि मागचे पुढे बिनतक्रार बसते. म्हणजे एका स्कूटरमधून जोडी हमखास मिळते. परंतु दहा इंची चाक काळ्या रानातील खड्ड्यात जे उतरते ते तेथेच वस्तीला राहते, असा युक्तिवाद मी केला. तो त्यांनी मान्य केला, आणि मग घरातल्या बुलेटच्या दोन चाकांकडे बोट दाखवून मी विचारले, “मग अशीच एक जोडी भंगारातून उचलू. एक बुलेट मोडीत निघाली की झाली की दोन चाके.”

मिस्त्री हसले. “गुरुजी, ही जोडी न्हवं. ही नवरा-बायको हाईत. एकमेकांस्नी जुळवून घेत्यात, पर सारखी कुठं असत्यात? तुमाला भाऊ-भाऊ पायजेत, अन् ते बी जुळे.”

पंचवीस वर्षे ज्या वाहनावर मी बसलो त्याची दोन चाके सारखी नाहीत, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हते. रिम एक, टायर एक, आऱ्यांची संख्याही दोहोंकडे चाळीस. पण पुढच्या चाकाचा तुंबा निराळा आणि मागच्याचा निराळा, कारण मागच्याला साखळीचे दातेरी चक्र वाहावे लागते, इंजिनाचा हिसका रबरी गाद्यांवर झेलावा लागतो, आणि म्हणून त्याचे आरे वेगळ्या लांबीचे व वेगळ्या कलाने ओवलेले असतात. एक चाक ओढते, दुसरे वाट दाखविते. सोयरिकीला गोत्र भिन्न असावे लागते हा आपला परंपरागत नियम मोटारसायकलीने निमूटपणे पाळलेला आहे. ट्रॉलीला मात्र सगोत्रच हवे, आणि तेही पुढच्या चाकांचे. याचा हिशेब असा की दोन चाकांसाठी दोन बुलेट मोडीत निघाल्या पाहिजेत.

पहिले चाक मिरजेच्याच एका भंगारवाल्याकडे मिळाले. दुसऱ्यासाठी पुण्याला गेलो असताना जुन्या बाजारात हिंडलो. कुंभारवेशीजवळ बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या त्या बाजाराचे वर्णन करण्याचा मोह मी आवरतो, कारण तेथे गेलेला मनुष्य ज्या वस्तूसाठी गेला ती सोडून इतर सर्व वस्तूंविषयी बोलू लागतो. मी मात्र चाकच घेऊन आलो. टायरच्या कडेवर ३.२५ हा आकडा ठसठशीत वाचला, समाधानाने दाम मोजले, आणि मिस्त्रींच्या अंगणात ते पहिल्याशेजारी उभे केले तेव्हा ते एक इंच खुजे दिसले. आडव्या रेघेनंतरचा आकडा १८ होता. आयुष्यभर मुलांना संपूर्ण प्रश्न वाचून मगच उत्तर लिहा असे बजावणाऱ्या माणसाने अर्धाच आकडा वाचला होता! मिस्त्रींनी काही म्हटले नाही. त्यांनी दोन्ही चाकांवर एक फळी आडवी ठेवली, तिच्यावर पाणसळ ठेवली आणि बुडबुडा कोणीकडे जातो ते मला पाहू दिले. पुढे खरे जुळे भावंड सांगलीला मिळाले, आणि पुण्याचे चाक आजही कोंबड्यांच्या खुराड्याच्या दारावर आहे.

चाके हाती आली तरी ती जशीच्या तशी बसविता येत नव्हती. दोहोंचे कित्येक आरे गंजलेले, दोन-चार नाहीसे झालेले आणि एकाची रिम थोडी चेपलेली होती. तेव्हा नवे आरे ओवून, ज्याला मेकॅनिक मंडळी “आऊट काढणे” म्हणतात तो संस्कार होणे आवश्यक होते. हे काम करणारा कारागीर मिरजेत एका बोळाच्या तोंडाशी बसतो. तंबोऱ्यांच्या आणि सतारींच्या या गावात चाकाचा कारागीरही कानाने काम करतो याचे मला आश्चर्य वाटावयास नको होते, तरी वाटले. तो चाक दोन खुंट्यांवर टांगून फिरवी, खडूचे टोक रिमजवळ धरी, जेथे खडू लागे तेथला निपल छोट्या पान्याने पाव वळसा आवळी, आणि मग त्या पान्यानेच एकेका आऱ्यावर टिचकी मारीत चाळीसही आऱ्यांचा नाद ऐके. जो आरा बद्द वाजे तो सैल. जो इतरांहून चढा वाजे तो आज ना उद्या तुटणार.

बैलगाडीचे चाक आपल्या आऱ्यांवर उभे असते: बाभळीचा आरा खांबासारखा दाब सोसतो आणि म्हणून तो जाड असावा लागतो. तारेचा आरा दाब सोसू शकत नाही. टाचणीवर कोणी घर बांधीत नाही. तो केवळ ओढ सोसतो. सगळे आरे आधीच इतके ताणलेले असतात की भार आल्यावर जमिनीकडील आऱ्यांचा ताण थोडासा उतरतो, आणि त्या उतरण्यातच सारे वजन पेलले जाते. इंग्लंडातील जॉर्ज केली या गृहस्थाने १८०८ च्या सुमारास ही कल्पना मांडली ती उडत्या यंत्राला हलकी चाके हवीत म्हणून. जेम्स स्टार्लीने १८७४ मध्ये आरे तुंब्याला सरळ न लावता स्पर्शरेषेत तिरपे ओवले, तेव्हा ते पायाचा अगर इंजिनाचा रेटाही सोसू लागले. आणि १८८८ मध्ये डनलॉप नावाच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचे टायर केले. यांपैकी कोणाच्याही मनात कडवळ नव्हते.

आता बसविण्याचा प्रश्न. मोटारसायकलीचे पुढचे चाक चिमट्याच्या दोन पायांमध्ये असते आणि त्याच्या आसाला दोन्ही टोकांनी आधार मिळतो. तोच बारीक आस एकाच टोकाने धरून दुसरे मोकळे सोडले, तर मधल्या मधे वाकण्याची जी शक्यता नव्हती ती पहिल्याच खड्ड्यात खरी होते. मिस्त्रींनी त्यावर तोड काढली ती जुनी आणि प्रामाणिक होती: ट्रॉलीच्या मुख्य चौकटीबाहेर, प्रत्येक चाकाच्या पलीकडून, चॅनलची एक आडवी पट्टी नेली, म्हणजे प्रत्येक चाक आपल्या स्वतंत्र चौकोनात, दोन्ही बाजूंनी धरलेले, जणू पुन्हा आपल्या चिमट्यातच राहिले. दोन्ही आस एका रेषेत यावेत म्हणून एकाच लांब गजावर दोन्ही चाके ओवून मगच आधाराच्या पट्ट्या जोडल्या, आणि वेल्डिंग गार झाल्यावर तो गज कापून काढला. चाके समांतर आहेत की नाहीत हे सुताराच्या दोरीने पुढून व मागून मोजले; पाव इंचाचा फरक निघाला तो घणाच्या दोन घावांत सरळ झाला. ट्रॉली गोठ्याच्या चार फुटी दारातून आत गेली पाहिजे ही माझी अट असल्यामुळे एकंदर रुंदी पंचेचाळीस इंच ठेवली. ही अट घालताना मी गोठ्याच्या दाराचा विचार केला, वाटेचा केला नाही. ते प्रकरण पुढे येईलच.

जोडणीचे कामही मनाजोगे झाले. मोटारसायकल वळणात कलते आणि दोन चाकांची ट्रॉली कलत नाही. दोहोंना घट्ट बांधले तर कोण कोणास आडवे पाडील एवढाच प्रश्न उरतो. म्हणून एका जुन्या जीपच्या शाफ्टमधील क्रॉस मध्ये घालून वर-खाली आणि डावे-उजवे वळण्याची मुभा ठेवली, आणि क्रॉसच्या मागे नळीत फिरणारी एक खुंटी देऊन बुलेटला हवे तितके झुकण्याची मोकळीक दिली. भाराच्या बाबतीत मात्र कोणाची सल्लामसलत लागली नाही. ते ज्ञान घरातच होते. गाडी मागे जड झाली की ती उलाळ होते आणि पुढे फार जड झाली तर बैलांच्या मानेवर बसते, हे आजोबांच्या गाडीला जसे लागू होते तसेच ते ट्रॉलीलाही लागू आहे. एकंदर वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जोडणीवर यावा, आसाच्या मागे भार जाऊ देऊ नये, नाहीतर ट्रॉली शेपटी हलवू लागते आणि तिच्याबरोबर पुढचे वाहनही.

कायद्याची खातरजमा मी आमच्या एका स्नेह्याकडून करून घेतली. त्यांची उभी हयात कचेऱ्यांत गेली आहे आणि दप्तराबाहेरचे जग त्यांना संशयास्पद वाटते. त्यांनी १९८८ चा मोटार वाहन कायदा समोर ठेवला. मोटार वाहनाने ओढले जाणारे अथवा ओढण्यासाठी योजलेले कोणतेही वाहन ट्रेलर होय. सेमी-ट्रेलर आणि साइडकार तेवढे वगळून. साइडकार ही मोटारसायकलीच्या व्याख्येतच सामावलेली आहे. ती घरची लेक. ट्रॉली परकी, आणि परक्याला नोंदणी, क्रमांक, दाखले हे सर्व भोगावे लागते. “आणि घरी वेल्डिंग केलेल्या वस्तूची नोंदणी करून आणणारा इसम,” ते चष्मा पुसत म्हणाले, “मला अद्याप भेटावयाचा आहे.” तेव्हा ही ट्रॉली आमच्या बांधाबाहेर, सरकारी रस्त्यावर, कधीही जाणार नाही असा मुचलका मी स्वतःलाच लिहून दिला, आणि तो आजतागायत पाळला आहे.

पहिल्या दिवशीचे दृश्य मात्र पाहण्यासारखे होते. बुलेटचा तो संथ, भारदस्त ठोका. मागे एकाच उंचीची, एकाच चमकेची दोन चाके. चारींचे आरे सकाळच्या उन्हात सारखेच लखलखणारे. वडील असते तर त्यांनी काही बोलून दाखविले नसते, पण दोनदा फेरी मारून आले असते. टायरवर भारदर्शक ५४ हा अंक होता, म्हणजे एका टायरमागे २१२ किलो, दोहोंचे ४२४. आणि ट्रॉलीवर सारे मिळून दीडशे किलो कडवळ. मी या बेरजेवर निर्धास्त होतो.

सहाव्या आठवड्यात डाव्या चाकाचा पहिला आरा तुटला. आठवा आठवडा संपण्यापूर्वी आणखी दोन. तिन्ही तुंब्याच्या एकाच बाजूचे आणि तिन्ही मुळाशी, वाकणीपाशी तुटलेले. मिस्त्री चाकाजवळ उकिडवे बसले, आणि बराच वेळ त्यांनी चाकाकडे न पाहता वाटेकडे पाहिले.

मोटारसायकल वळते तेव्हा ती वळणाच्या आत झुकते, आणि अशी बरोबर झुकते की वजन आणि बाहेर फेकणारा जोर या दोहोंचा मिळून होणारा रेटा चाकाच्या पातळीतच, माथ्यापासून तळव्यापर्यंत सरळ उतरतो. म्हणून त्या चाकाला आडवा धक्का जवळजवळ ठाऊकच नसतो. त्याचे आरे तुंब्याच्या ज्या दोन कडांतून निघतात त्या जवळजवळ असतात, आणि रिमपर्यंत जाताना आरे फार थोडे फाकतात. तंबूचे तणावे खांबाच्या अगदी पायथ्याशी खुंटी मारून बांधावेत तशी ही स्थिती. वरून कितीही भार येऊ द्या, तंबू उभा राहील, पण बाजूने वारा आला की प्रत्येक तणाव्याला आपल्या कुवतीच्या कितीतरी पट ओढ सोसावी लागते. न झुकणाऱ्या वाहनाला तारेची चाके देणाऱ्यांना हे पूर्वीच समजले होते. जुन्या शर्यतीच्या मोटारींना रज-व्हिटवर्थ कंपनीची जी तारेची चाके असत त्यांचा तुंबा चांगला लांब आणि आऱ्यांच्या रांगा दोन नव्हे तर तीन, त्यांपैकी एक रांग मुद्दाम आडव्या जोरासाठी. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन बी. एम. डब्ल्यू. आर ७५ या साइडकारच्या वाहनाची तिन्ही चाके एकमेकांच्या जागी बसत आणि चौथे जादा चाक बरोबर असे. सारखेपणाची माझीच हौस ती; पण तेथे चाके आधी कलू न शकणाऱ्या वाहनासाठी घडविली आणि मग तिन्ही सारखी केली. मी झुकणाऱ्या वाहनाची चाके उचलून ताठ उभ्या राहणाऱ्याला दिली.

परंतु आमच्या बांधावर वेग असा कितीसा? तासाला दहा-बारा किलोमीटरने जाणाऱ्या ट्रॉलीला वळणात बाहेर फेकणारा जोर तो काय असणार? मी ही शंका काढली, तेव्हा मिस्त्री वाटेकडे का पाहत होते ते कळले. त्या वाटेवर तीन पिढ्यांच्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या आहेत. पावसात त्या खोल होतात, उन्हाळ्यात दगडासारख्या वाळतात. दोन चाकोऱ्यांतले अंतर मी त्याच दिवशी मोजले, ते पाच फुटांस थोडे कमी भरले. ट्रॉलीच्या चाकांमधले सव्वातीन फूट होते. म्हणजे डावे चाक चाकोरीत आणि उजवे मधल्या उंचवट्यावर, सारी ट्रॉली डावीकडे कललेली, आणि बुलेट जरा उजवीकडे वळली की डावे चाक चाकोरीच्या वाळलेल्या भिंतीला घासत, रेटत, चढण्याची धडपड करीत चाललेले. दररोज दोन खेपा, हेच.

“चाकास्नी चाकं जुळली, गुरुजी,” मिस्त्री म्हणाले, “वाटंला न्हाई जुळली.”

आजोबांच्या गाडीची आठवण तेव्हा मला झाली ती केवळ हळवेपणाने नव्हे. गावच्या सुताराने ती बांधली तेव्हा शेजारच्या गाडीशी तिचे रूप जुळावे अशी कोणाची अपेक्षा नसावी. पण दोन चाकांतले अंतर मात्र त्याने सर्व गाड्यांना एकच ठेवले, कारण सर्वांना त्याच चाकोरीतून जायचे होते. दायमाबादला १९७४ मध्ये जमिनीतून निघालेला तो ब्राँझचा बैलांचा रथ मी चित्रांत अनेकदा पाहिला आहे. त्याची चाके भरीव आहेत, आरे नाहीतच. पूर्वी मला ते ओबडधोबड वाटत असे. हल्ली वाटत नाही.

यावर उपाय तीन होते. चौकट कापून पाच फूट रुंद करावी, तर ती गोठ्यात जात नाही. स्कूटरची चाके लावावीत, तर मिस्त्री शब्दाने काही म्हणणार नाहीत, पण चहा घेताना हसतील. तिसरा उपाय मी पत्करला: मिरजेच्या त्या कारागिराकडून दोन्ही चाकांना वरचढ जाडीचे आरे ओवून घेतले, एका वेळी नेण्याचे कडवळ निम्म्यावर आणले, आणि डाव्या चाकोरीत दर उन्हाळ्यात चार पाट्या मुरूम टाकण्याचा क्रम ठेवला. एका खेपेच्या ठिकाणी दोन खेपा होतात. पत्नीने विचारले की या हिशेबाने सीटवर भारा बांधण्यात काय वाईट होते. मी त्यावर विचार करून सांगतो असे म्हटले, त्याला आता तीन वर्षे झाली.

ट्रॉली पडवीत बुलेटच्या मागे उभी असते. येणारा-जाणारा थांबतो, चारी चाके सारखी पाहून कौतुक करतो, आणि हे कुठे करून मिळाले असे विचारतो. आजमितीस डाव्या चाकाचे अकरा आरे बदलून झाले आहेत, उजव्याचे चार, आणि बुलेटच्या दोन्ही चाकांचा एकही नाही.